सीईओ गेल्यानंतर काय उरते?

कंपन्यांचे शाश्वतता अहवाल वाचणे हा बरीच वर्षे माझ्या कामाचा भाग आहे, आणि या अहवालांच्या पहिल्या काही पानांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पत्र जवळजवळ हमखास असते. पत्राला छायाचित्र असते, खाली सही असते, आणि मधल्या मजकुरात हवामानबदल, कामगार आणि पुढच्या पिढ्या यांविषयी जिव्हाळ्याने लिहिलेले असते. ते वाचताना नकळत असा समज होतो, की कंपनीचे निसर्गाशी आणि समाजाशी जे काही नाते आहे ते या एका व्यक्तीच्या सचोटीवर उभे आहे. याच्या अगदी उलट मत मांडणारेही पुष्कळ भेटतात. त्यांच्या मते माणूस कोण आहे याला फारसे महत्त्व नाही. डेन्मार्क किंवा स्वीडनमधल्या कंपन्या जबाबदारीने वागतात, कारण तो समाजच तसा आहे, आणि इतर ठिकाणच्या वागत नाहीत, कारण तिथली संस्कृती वेगळी आहे.

मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात, आणि दोन्हींची गोळाबेरीज करून 'थोडे हे, थोडे ते' असे म्हणण्यानेही काही हाती लागत नाही. सीईओचा प्रभाव खरा असतो, पण तो कुठवर पोचेल याची हद्द त्या देशाची संस्कृती, कायदे आणि मालकीची पद्धत मिळून आखून देतात. आणि जिथे ही हद्द सर्वांत सैल असते तिथे शाश्वततेतल्या झेपाही मोठ्या दिसतात आणि माघारीही तितक्याच मोठ्या. हे लक्षात घेतले की अहवालातल्या त्या पत्राकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पत्र लिहिणारा किती तळमळीचा आहे यापेक्षा, तो उद्या पदावरून गेला तर यातले काय शिल्लक राहील, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

व्यवस्थापनशास्त्रात या चर्चेचा एक प्रवाह डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांच्या १९८४ सालच्या लेखापासून सुरू होतो. संस्था जे निर्णय घेते त्यांत तिच्या शिखरावरच्या माणसांचे अनुभव, मूल्ये आणि स्वभाव उतरलेले असतात, असे त्यांनी मांडले. आज ही गोष्ट उघड वाटते, पण बाजारपेठ आणि तंत्रज्ञान हेच कंपनीची दिशा ठरवतात आणि माणसे केवळ निमित्त असतात, असा विचार त्या काळात बराच प्रबळ होता. पुढे या सूत्रावर शेकडो अभ्यास झाले. हेन्रिक क्रॉन्क्विस्ट आणि फ्रँक यू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे सीईओ तपासले, तेव्हा ज्यांना मुलगी आहे त्यांच्या कंपन्यांचे सामाजिक जबाबदारीचे गुणांकन सुमारे ९ टक्क्यांनी अधिक आढळले. दुसऱ्या एका अभ्यासात, ज्या सीईओंमध्ये आत्मप्रौढी अधिक त्यांच्या कंपन्या सामाजिक जबाबदारीवर अधिक भर देतात असे दिसले. मात्र त्या कामाचा कंपनीच्या कामगिरीला होणारा फायदा अशा सीईओंच्या बाबतीत कमी भरतो, असेही निघाले. हा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो, कारण चांगले दिसण्याची ओढ आणि चांगले काम करण्याची ओढ बाहेरून सारखीच दिसते, तरी त्यांतून निर्माण होणारी कामे वेगळी असतात.

याच हॅम्ब्रिक यांनी सिडनी फिंकेलस्टाइन यांच्यासह १९८७ साली पुढचा प्रश्न विचारला: सीईओला मोकळीक तरी किती असते? आणि क्रेग क्रॉसलँड यांच्यासह २००७ साली त्यांनी अमेरिका, जर्मनी आणि जपान या तीन देशांतल्या कंपन्यांची तुलना केली. कंपनीच्या कामगिरीतल्या चढउतारांपैकी किती भाग सीईओ कोण आहे यावरून स्पष्ट होतो, हे त्यांनी मोजले, आणि अमेरिकेत तो भाग जर्मनी व जपानपेक्षा बराच मोठा निघाला. २०११ साली त्यांनी हीच मांडणी १५ देशांपर्यंत नेली. जिथे व्यक्तिवाद अधिक, अनिश्चिततेची भीती कमी, शेअर अनेकांच्या हातांत विखुरलेले आणि कामगार ठेवण्या-काढण्याचे नियम सैल, तिथे सीईओला मोकळीक अधिक, असे चित्र त्यातून पुढे आले.

ही मोकळीक म्हणजे काय, हे तीन देशांच्या व्यवस्थेवरून नीट समजते. जर्मनीत १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षी मंडळावर निम्मे सदस्य कामगारांच्या बाजूचे असतात, आणि कार्यकारी मंडळ सामूहिक जबाबदारीने चालते. जपानी कंपनीत एखाद्या प्रस्तावाचा कागद खालच्या विभागाकडून वर सरकत जातो, वाटेत संबंधितांच्या संमतीचे शिक्के त्यावर पडतात, आणि तो अध्यक्षांच्या टेबलावर येईपर्यंत निर्णय जवळजवळ झालेलाच असतो. अध्यक्षही बहुधा त्याच कंपनीत उमेदीची सगळी वर्षे काढून वर आलेला असतो. अमेरिकी सीईओ मात्र बाहेरून येऊ शकतो, आल्या आल्या विभाग बंद करू शकतो, नवी उद्दिष्टे जाहीर करू शकतो. शाश्वततेच्या दृष्टीने यांतली कोणती व्यवस्था चांगली, याला सरळ उत्तर नाही.

आता संस्कृती. हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो, की तो मोजता येतो असा दावा करणाऱ्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. सर्वांत प्रसिद्ध मोजमाप खीर्त होफस्टेड यांचे आहे. आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावलींवरून त्यांनी देशादेशांतले फरक काही अक्षांवर मांडले. सत्तेतली दरी लोक किती स्वाभाविक मानतात, व्यक्ती मोठी की समूह, अनिश्चितता किती सोसवते, स्पर्धा व यश यांना किती मान आहे, आणि पुढे जोडलेला अक्ष म्हणजे दृष्टी किती दूरवरची आहे. सत्तेतल्या दरीच्या अक्षावर डेन्मार्कला १८ गुण आहेत, भारताला ७७. नंतर रॉबर्ट हाउस यांच्या नेतृत्वाखालील ग्लोब प्रकल्पाने ६२ समाजांतल्या सुमारे १७ हजार व्यवस्थापकांना प्रश्न विचारून नेतृत्वाविषयीच्या अपेक्षा तपासल्या. या आकड्यांवर आक्षेपही आहेत, आणि ते रास्त आहेत. एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरून संपूर्ण राष्ट्राची वृत्ती कशी काढता येईल, आणि काही दशकांपूर्वीची उत्तरे आज किती लागू पडतील, हे ब्रेंडन मॅक्स्वीनी यांच्यासारख्या टीकाकारांनी विचारलेले प्रश्न अजून निकाली निघालेले नाहीत.

तरीही देशाचा परिणाम नाकारता येत नाही. योआनिस योआनू आणि जॉर्ज सेराफीम यांनी २०१२ साली ४२ देशांतल्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा राजकीय व्यवस्था, कामगार व शिक्षण व्यवस्था आणि संस्कृती यांचा कंपन्यांच्या सामाजिक कामगिरीशी स्पष्ट संबंध दिसला. हाओ लियांग आणि लुक रेनेबोग यांनी २०१७ साली दाखवले, की कायद्याची परंपरा हा त्यातला एक मोठा घटक आहे: इंग्रजी कायद्याची परंपरा असलेल्या देशांतल्या कंपन्यांपेक्षा युरोपीय संहिताबद्ध कायद्याच्या देशांतल्या कंपन्यांचे गुणांकन चांगले, आणि त्यांतही स्कँडिनेव्हियाचे सर्वांत वरचे. इथे माझे स्वतःचे मत असे आहे, की संस्कृती आणि कायदा यांना वेगवेगळ्या खणांत ठेवणे चुकीचे आहे. कामगाराला मंडळावर बसवणारा कायदा त्या समाजाच्या समजुतीतून आला, आणि पन्नास वर्षे तो कायदा पाळल्यावर तीच समजूत आणखी घट्ट झाली. अभ्यासकाला आकडेमोडीसाठी दोन्ही सुटे करावे लागतात, पण कंपनीत बसलेल्या माणसाला ते एकत्रच जाणवतात.

मोकळीक मोठी असली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला ब्रिटनच्या बीपी या तेलकंपनीचे वाटते. मे १९९७ मध्ये सीईओ जॉन ब्राउन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भाषणात हवामानबदलाची दखल घेतली पाहिजे असे जाहीरपणे सांगितले. मोठ्या तेलकंपनीच्या प्रमुखाने असे बोलणे तेव्हा अपूर्व होते. २००० साली कंपनीने नवे सूर्यफुलासारखे बोधचिन्ह घेतले आणि पेट्रोलियमच्या पलीकडे जाण्याची घोषणा केली. पण मार्च २००५ मध्ये टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ कामगार मृत्युमुखी पडले, आणि नंतरच्या चौकश्यांत सुरक्षेवरचा खर्च व देखभाल यांविषयी कठोर ताशेरे आले. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटाच्या दुर्घटनेत ११ जण गेले आणि अनेक आठवडे तेल समुद्रात वाहत राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्नार्ड लूनी आले, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठरले, आणि त्याच वर्षी २०३० पर्यंत तेल व वायूचे उत्पादन २०१९ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचा निर्धार जाहीर झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत ४० चे २५ झाले. त्याच वर्षी लूनी गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवे सीईओ मरे ऑचिनक्लॉस यांनी तेल व वायूवरची गुंतवणूक वाढवून वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरवर नेण्याचे आणि ऊर्जासंक्रमणावरचा नियोजित खर्च वर्षाला ५ अब्ज डॉलरहून अधिकने कमी करण्याचे ठरवले. जवळपास तीस वर्षांत हीच कंपनी एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे गेली. तेलाचे भाव आणि गुंतवणूकदारांचा दबाव यांचाही त्यात मोठा वाटा होता, हे खरेच. पण ज्या व्यवस्थेत एक सीईओ एका भाषणात दिशा वळवू शकतो, त्याच व्यवस्थेत पुढचा सीईओ तितक्याच सहजतेने ती पुन्हा फिरवू शकतो.

युनिलिव्हरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि मला ती अधिक शिकवणारी वाटते. पॉल पोलमन २००९ साली सीईओ झाले आणि त्यांनी लगेच तिमाही नफ्याचे आकडे जाहीर करणे बंद केले. दर तीन महिन्यांनी परीक्षा द्यावी लागत असेल तर दहा वर्षांचे काम करता येणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. २०१० साली शाश्वत जीवनाचा आराखडा जाहीर झाला. त्यात उत्पादनांचा पर्यावरणावरचा भार निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट होते, आणि गिऱ्हाईक घरी ते उत्पादन वापरताना खर्च करते त्या गरम पाण्यापर्यंतचा भार त्यात मोजला होता. मग १७ फेब्रुवारी २०१७ रोजी क्राफ्ट हाइन्झने १४३ अब्ज डॉलरना कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवल्याचे जाहीर झाले. युनिलिव्हरने तो धुडकावला आणि दोन दिवसांत प्रस्ताव मागे घेतला गेला. हा शाश्वततेचा विजय म्हणून पुष्कळदा सांगितला जातो, पण पुढचे कमी सांगितले जाते: काही आठवड्यांतच कंपनीने नफ्याचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचे, ५ अब्ज युरोचे शेअर परत विकत घेण्याचे आणि मार्गारिनसारख्या पदार्थांचा विभाग विकण्याचे जाहीर केले. दूरवर पाहणाऱ्या नेत्यालाही जवळच्यांना शांत करण्याची किंमत मोजावी लागली.

त्यानंतर जे घडले ते या लेखाच्या विषयाच्या अगदी गाभ्यातले आहे. युनिलिव्हर तेव्हा अर्धी ब्रिटिश, अर्धी डच कंपनी होती. दोन देशांत दोन कायदेशीर घरे. मार्च २०१८ मध्ये व्यवस्थापनाने एकच मुख्यालय करायचे आणि ते रॉटरडॅमला न्यायचे ठरवले. नेदरलँड्समध्ये कंपनीला नकोशा खरेदीदारांपासून अधिक संरक्षण मिळू शकते, आणि कंपनीने सर्व संबंधितांचे हित पाहावे ही कल्पना तिथल्या व्यावसायिक परंपरेत अधिक रुजलेली आहे. कंपनीने कारण सुलभीकरणाचे दिले, पण नेमके काय पणाला लागले आहे हे सर्वांना दिसत होते. ब्रिटिश भागधारकांनी इतका विरोध केला, की ऑक्टोबरमध्ये प्रस्ताव मागे घ्यावा लागला. नोव्हेंबरच्या अखेरीस पोलमन यांच्या निवृत्तीची घोषणा झाली. आणि २०२० साली कंपनीचे एकत्रीकरण झाले ते लंडनमध्ये. एका सीईओला आपल्या कामासाठी दुसऱ्या देशाची चौकट सोयीची वाटावी आणि मालकांनी ती नाकारावी, यापेक्षा राष्ट्रीय व्यवस्थेचा पुरावा आणखी कोणता हवा? २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने नव्या प्लॅस्टिकचा वापर २०२५ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट बदलून २०२६ पर्यंत ३० टक्के घट असे केले. तोवर पोलमन यांच्यानंतरचे दुसरे सीईओ पदावर होते.

फ्रान्सने कायद्यातच आधार देण्याचा प्रयत्न केला. २०१९ च्या एका कायद्याने कंपन्यांना आपले सामाजिक ध्येय थेट घटनापत्रात लिहून घेण्याची मुभा दिली, आणि जून २०२० मध्ये एमानुएल फाबेर यांच्या नेतृत्वाखालील दानोन या खाद्यपदार्थ कंपनीने ती स्वीकारली, तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, मार्च २०२१ मध्ये, लंडनच्या आणि अमेरिकेच्या गुंतवणूकसंस्थांनी कामगिरीवरून लावलेल्या दबावानंतर फाबेर यांना पद सोडावे लागले. कंपनी फ्रेंच, कायदा फ्रेंच, पण पैसा जगभरातला. म्हणजे राष्ट्रीय संस्कृतीची पकड मालकी जितकी देशाबाहेर जाते तितकी सैल होते. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: फाबेर गेले, पण घटनापत्रातले ध्येय गेले नाही. त्यावर देखरेख करणारी समिती आणि बाहेरच्या तपासणीची अट कायद्यानेच घातलेली असल्याने ते पुसायचे तर पुन्हा भागधारकांपुढे जावे लागेल.

आतापर्यंत मी नेत्याची इच्छा आणि तिला मिळणारी वाव याविषयीच लिहिले. पण माझ्या मते संस्कृतीचा सर्वांत खोल परिणाम दुसरीकडे होतो: वाईट बातमी वर पोचते की नाही, यावर. सत्तेतली दरी जिथे स्वाभाविक मानली जाते तिथे कनिष्ठ माणूस वरिष्ठाला नको ते सांगायला कचरतो, असे अभ्यासक सांगतात. शाश्वततेतले बहुतेक अनर्थ इथेच जन्म घेतात, कारण गळणारी झडप, खचणारा बांध आणि खोटा आकडा यांची पहिली माहिती नेहमी खालच्या माणसाला असते.

ब्राझीलच्या व्हाले या खाणकंपनीचे पाहा. नोव्हेंबर २०१५ मध्ये मारियाना इथे तिच्या भागीदारीतल्या खाणीचा गाळबांध फुटून १९ जण गेले. २०१७ साली फाबिओ श्वार्त्समन सीईओ झाले आणि 'मारियाना पुन्हा कधीही नाही' हे त्यांनी आपले घोषवाक्य केले. २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास ब्रुमाजिन्यो इथला व्हालेचा बांध फुटला. तो वापरातला नव्हता, आणि जर्मनीच्या एका तपासणीसंस्थेने त्याच्या स्थिरतेचा दाखला काही महिन्यांपूर्वीच दिला होता. बांधाच्या थेट खालच्या अंगाला कंपनीची कार्यालये आणि कामगारांची खानावळ होती, वेळ जेवणाची होती, आणि धोक्याचा भोंगा वाजला नाही. २७० माणसे गेली. हे सगळे ब्राझीलच्या संस्कृतीमुळे झाले असे मी अजिबात म्हणणार नाही. ते त्या लोकांवर अन्याय करणारे ठरेल. पण वरून दिलेले घोषवाक्य आणि खाली बसलेल्या माणसांच्या जेवणाच्या टेबलांची जागा, यांच्यामध्ये जे अंतर होते ते घोषवाक्याने भरून निघाले नाही.

राष्ट्राच्या सरासरीवर विसंबणे किती धोक्याचे आहे हे मात्र फोक्सवॅगनने दाखवले. सत्तेतल्या दरीच्या अक्षावर जर्मनीला केवळ ३५ गुण आहेत, आणि पर्यवेक्षी मंडळावर कामगारांचे वजन फोक्सवॅगनइतके क्वचितच कुठे असेल. तरीही सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने उघड केले, की कंपनीच्या डिझेल मोटारींतले सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखते आणि तेवढ्यापुरते उत्सर्जन रोखते. रस्त्यावर काही मोटारी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ते सॉफ्टवेअर होते. सीईओ मार्टिन विंटरकोर्न यांची ख्याती बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालणारा माणूस अशी होती. २०११ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनातली त्यांची एक चित्रफीत गाजली होती, ज्यात ते स्पर्धक कंपनीच्या मोटारीत बसून स्टिअरिंग वरखाली करणारा दांडा स्वतः हलवून पाहतात आणि याचा आवाज कसा होत नाही, आपल्याला हे का जमत नाही, असे आपल्या माणसाला विचारतात. गैरप्रकाराची आपल्याला कल्पना नव्हती असे त्यांनी राजीनामा देताना सांगितले. ते तसेच मानले तरी, दांड्याच्या आवाजापर्यंत पोचणाऱ्या प्रमुखाकडे 'हे इंजिन नियमांत बसत नाही' हे वाक्य का पोचले नाही, हा प्रश्न उरतोच. त्या कंपनीत वरिष्ठांना 'जमणार नाही' असे सांगण्याची भीती होती, असे पुढे अनेकांनी नोंदवले. म्हणजे देशाची संस्कृती एक आणि कंपनीच्या आतली दुसरीच, असे होऊ शकते, आणि ती आतली संस्कृती घडवण्यात शिखरावरच्या माणसांचा हात मोठा असतो. त्याच महिन्यात, गैरप्रकार उघड होण्याच्या थोडे आधी, डाउ जोन्स शाश्वतता निर्देशांकाने फोक्सवॅगनला मोटार उद्योगातली अग्रेसर कंपनी ठरवले होते.

निर्देशांकांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. फ्लोरियन बर्ग, युलियन क्योल्बेल आणि रोबेर्तो रिगोबोन यांनी सहा प्रमुख संस्थांची ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार यांवरची) गुणांकने ताडून पाहिली, तेव्हा त्यांच्यातला सरासरी सहसंबंध ०.५४ निघाला; पूर्ण एकमत असते तर तो १ आला असता. सीईओचा किंवा संस्कृतीचा 'शाश्वतता कामगिरीवर' परिणाम दाखवणारे पुष्कळसे संशोधन अशाच गुणांकनांवर उभे आहे, त्यामुळे त्या निष्कर्षांतल्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर मी फार भर देत नाही.

ऑस्ट्रेलियात घडलेली घटना मला अजून अस्वस्थ करते, कारण तिथे चांगला वारसा असूनही तो टिकला नाही. रिओ टिंटो या खाणकंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेचे प्रमुख लिऑन डेव्हिस यांनी १९९५ साली मूलनिवासींच्या भूमीहक्काचा जाहीर स्वीकार केला होता, आणि पुढे ते संपूर्ण कंपनीचे प्रमुख झाले. खाणउद्योगातले बाकीचे लोक तेव्हा या हक्काच्या कायद्याविरुद्ध उभे होते, त्यामुळे ते मोठे धाडस होते. पंचवीस वर्षांनी, मे २०२० मध्ये, त्याच कंपनीने लोहखनिजासाठी जूकन घळीतल्या गुहा सुरुंगाने उडवल्या, ज्यांत ४६ हजार वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. कायद्याची परवानगी २०१३ सालीच मिळालेली होती. मूळ रहिवाशांचा विरोध असतानाही काम कायदेशीर होते. संचालक मंडळाने चौकशी करून ऑगस्टमध्ये सीईओ आणि दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बोनसला कात्री लावली आणि विषय तिथेच संपवू पाहिला. मूलनिवासींचा आणि जनतेचा संताप त्यावर शमला नाही, आणि लाखो सामान्य नोकरदारांची निवृत्तीची पुंजी सांभाळणाऱ्या ऑस्ट्रेलियन निधींनी हे पुरेसे नाही असे ठामपणे सांगितले. तीन आठवड्यांत तिघांच्याही जाण्याची घोषणा झाली. इथे समाजाचे मत निवृत्तिवेतन निधीच्या मार्गाने कंपनीच्या दारात पोचले. संस्कृती काम करते ती अशी, कोणाच्या तरी हातांतून.

जपानचेही असेच आहे. तिथे एकट्या सीईओकडून झेप घेण्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, पण २०१५ साली सरकारी निवृत्तिवेतन निधीने, जो तेव्हा जगातला सर्वांत मोठा होता, जबाबदार गुंतवणुकीच्या तत्त्वांवर सही केली आणि पुढे ईएसजी निर्देशांकांनुसार पैसे गुंतवायला सुरुवात केली, तेव्हा अनेक कंपन्या एकदम त्या दिशेने वळल्या. भारताने तिसरा मार्ग घेतला: कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला सांगितले. धम्मिका धर्मपाल आणि विक्रमादित्य खन्ना यांच्या अभ्यासात, कायद्याआधी २ टक्क्यांहून अधिक खर्च करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपला खर्च कमी केल्याचे दिसले. जो आकडा किमान म्हणून लिहिला होता, तोच काहींनी कमाल मानला. सक्तीने खर्च करता येतो. कारखान्याच्या आत काय चालते ते त्याने बदलत नाही.

शेवटी डेन्मार्कचे उदाहरण. आज ओर्स्टेड नावाने ओळखली जाणारी कंपनी पूर्वी डाँग एनर्जी होती आणि युरोपातल्या मोठ्या कोळसा जाळणाऱ्या वीजकंपन्यांत मोडत होती. जर्मनीत लुबमिन इथे कोळशाचे नवे केंद्र उभारण्याचा तिचा बेत स्थानिक विरोधामुळे २००९ साली सोडावा लागला. त्याच सुमारास सीईओ आंदर्स एल्ड्रुप यांनी, तेव्हा ८५ टक्के जीवाश्म आणि १५ टक्के हरित असलेले ऊर्जेचे प्रमाण एका पिढीत नेमके उलटे करण्याचे ठरवले. २०१२ साली आलेल्या हेन्रिक पोल्सेन यांनी दिशा न बदलता वेग वाढवला, २०१७ साली तेल व वायूचा संपूर्ण विभाग विकून टाकला, आणि २०४० साठी ठेवलेले उद्दिष्ट २०१९ मध्येच गाठले. दोघांचे श्रेय निर्विवाद आहे. पण बहुसंख्य भांडवल डॅनिश सरकारचे होते, पवनऊर्जेला देशाचा पाठिंबा अनेक दशकांचा होता, आणि एक सीईओ जाऊन दुसरा आला तेव्हा पहिल्याचे काम मोडून स्वतःचा ठसा उमटवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

या कंपनीवर अलीकडे फार वाईट दिवस आले. व्याजदर आणि सुट्या भागांच्या किमती वाढल्या, अमेरिकेतले मोठे सागरी प्रकल्प २०२३ साली सोडून द्यावे लागले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सीईओ बदलले गेले. ज्या फेब्रुवारी २०२५ मध्ये बीपीने तेलाकडे परत वळण्याचा आराखडा जाहीर केला, त्याच महिन्यात ओर्स्टेडच्या नव्या सीईओंनीही २०३० पर्यंतच्या गुंतवणुकीत सुमारे २५ टक्के कपात जाहीर केली. हात आखडता दोघांनीही घेतला. पण ओर्स्टेडला परत जायला तेल-वायूचा विभाग उरलेला नव्हता, आणि एस्ब्येर्गचे तिचे शेवटचे कोळशावरचे केंद्र ऑगस्ट २०२४ मध्येच बंद झालेले होते. २०२५ साली कंपनीने ६० अब्ज क्रोनचे नवे भांडवल उभारायचे ठरवले, तेव्हा सरकारने आपल्या ५०.१ टक्के वाट्याची रक्कम भरली.